पेटणे, पेटवणे आणि जाळणे : ‘किंडल’ या इंग्रजी क्रियापदाच्या अर्थाच्या अनुषंगाने मराठवाड्याच्या इतिहासलेखनाचा एक विचार

प्रस्तावना

इंग्रजी भाषेतील ‘किंडल’ या क्रियापदाचा मराठी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न विचारला असता बहुतेकांच्या तोंडी ‘पेटवणे’ हा शब्द येतो. कोशही तो देतात. त्याच्या जोडीला ‘चेतवणे’, ‘शिलगावणे’, ‘लावणे’, ‘प्रज्वलित करणे’ असे आणखी काही शब्द स्वल्पविराम देऊन मांडतात. कोशातील हे स्वल्पविराम फसवे आहेत. त्यांच्यामुळे हे सर्व शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात असा समज होतो. प्रत्यक्षात मराठी माणूस विडी चेतवत नाही, समई शिलगावत नाही आणि चितेला ‘पेटवली’ असे शक्यतो म्हणत नाही. अग्नी कशासाठी, कोणाच्या हातून आणि कोणाच्या हिताचा वा अहिताचा, यावर मराठीतील क्रियापद ठरते.

हा केवळ भाषाशास्त्राचा विषय असता तर इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात शिरण्याचे कारण नव्हते. परंतु मराठवाड्याच्या विसाव्या शतकातील इतिहासात आग ही वारंवार येणारी घटना आहे. करोडगिरीची नाकी, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे, खेडी, मोहल्ले, दलित वस्त्या अशा अनेक ठिकाणी ती आढळते. या घटनांची साधने इंग्रजी, उर्दू व मराठी अशा तीन भाषांत विखुरलेली आहेत. इंग्रजी साधनातील आगीचे क्रियापद मराठीत उतरवताना अभ्यासक जो शब्द निवडतो, त्या शब्दासोबत तो आगीचा कर्ता दाखवतो किंवा झाकतो. ही निवड बहुधा नकळत होते, हे अधिक चिंतेचे आहे. प्रस्तुत निबंधात वसमत व त्याच्या परिसराचा संदर्भ घेऊन या निवडीचा विचार केला आहे.

इंग्रजी क्रियापदाचे कूळ

‘किंडल’ हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आलेला नाही. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘किंडा’ या धातूपासून तो तयार झाला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुळला. ध्वनिसाम्यामुळे ‘कँडल’ म्हणजे मेणबत्ती या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते, ते बरोबर नाही. ‘कँडल’ लॅटिनमधील चकाकणे या अर्थाच्या धातूतून आला. ‘किंडल’चा मूळ व्यवहार लहान आगीचा आहे. काटक्या, झिलप्या, वाळका पाला यांवर ठिणगी धरून, फुंकर घालून जी आग जोपासावी लागते, तिच्यासाठी हे क्रियापद आहे. अशा काटक्यांना इंग्रजीत ‘किंडलिंग’ असे नाव आहे. त्यातूनच उत्सुकता, आशा, प्रेम, क्वचित क्रोध ‘किंडल’ करण्याचा लाक्षणिक अर्थ निघाला. २००७ साली अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने आपल्या वाचनयंत्राला हे नाव दिले, तेही ज्ञानाचा दिवा लागावा अशाच अर्थाने. आज मराठी तरुण वाचकाला ‘किंडल’ ठाऊक असते ते यंत्र म्हणून. त्यातला अग्नी त्याला दिसत नाही.

‘इग्नाइट’ हे त्या मानाने नवे आणि विद्वानांचे क्रियापद. लॅटिन ‘इग्निस’ व संस्कृत ‘अग्नी’ ही भावंडे आहेत. इंजिन, रॉकेट, रसायनशाळा येथे ‘इग्नाइट’ शोभते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे २००२ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक मराठीत ‘प्रज्वलित मने’ या नावाने आले. त्यात ‘पेटलेली मने’ असे शीर्षक दिले असते तर अर्थ पार बदलला असता. पेटलेले मन मराठीत संतापलेले असते.

‘आर्सन’ हा तिसरा शब्द. लॅटिनमधील जळणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजी कायद्यात आला आणि तेथेच राहिला. घरात, देवळात, शेतात कोणी ‘आर्सन’ करत नाही. तो आरोपपत्रात होतो. म्हणजे इंग्रजीने आग सुरू करण्याच्या कृतीची विभागणी अशी केली आहे : जोपासण्याची आग ‘किंडल’, यंत्राची आग ‘इग्नाइट’, गुन्ह्याची आग ‘आर्सन’. राहिले ‘बर्न’. या सर्वांत साधे दिसणारे हे क्रियापदच मराठी इतिहासलेखकाला सर्वाधिक अडचणीत आणते. त्याकडे पुढे वळावे लागेल.

संस्कृतात ‘किंडल’चा खरा जोडीदार आहे तो ‘इन्ध्’ हा धातू. त्याच्यापासून ‘समिधा’ व ‘इंधन’ हे दोन्ही शब्द झाले. समिधा म्हणजे नेमके ‘किंडलिंग’च. मराठीने हे दोन्ही शब्द ठेवले, पण क्रियापद सोडून दिले. समिधा यज्ञात गेली, इंधन पेट्रोलपंपावर गेले, आणि मधली कृती सांगण्यासाठी मराठीने स्वतःची क्रियापदे घडवली.

मराठी घरातील अग्नी

या क्रियापदांत सर्वांत व्यापक ‘लावणे’ हे आहे. दिवा लावतात, उदबत्ती लावतात, आगही लावतात. ‘लागणे’ या मूळ क्रियेचे हे प्रयोजक रूप. तिन्हीसांजेच्या वेळेला मराठीत ‘दिवेलागण’ असा सुंदर शब्द आहे आणि त्यात दिवे लावणारी गृहिणी अध्याहृत आहे. मात्र ‘काय दिवे लावले’ असे विचारले की त्याच क्रियापदाने माणसाची अब्रू जाते, आणि भांडणे लावणारा ‘आगलाव्या’ ठरतो. एकाच शब्दाने मांगल्य व उपद्रव दोन्ही सांगण्याची ही सोय इंग्रजी ‘किंडल’मध्ये नाही.

दिव्याच्या बाबतीत मराठी आणि तिच्या शेजारच्या भाषा यांत एक लक्षणीय भेद आहे. हिंदी-उर्दूत ‘चिराग जलाना’ हा सरळ, शुभ प्रयोग आहे. मराठीत दिवा जळतो, पण त्याला कोणी जाळत नाही. ‘रात्रभर दिवा जाळला’ असे म्हटले तर ती तेल वाया गेल्याची तक्रार असते. वसमतच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि दखनी या दोन्ही बोली शेजारी शेजारी वापरल्या गेल्या. एकाच दुकानातील एकाच कंदिलासाठी एक गिऱ्हाईक ‘लावा’ म्हणणार आणि दुसरे ‘जलाओ’. ‘जाळणे’ या शब्दाभोवती मराठीत जो अशुभाचा वास आहे तो ‘जलाना’भोवती त्या प्रमाणात नाही, ही गोष्ट उर्दू साधने वाचताना ध्यानात ठेवावी लागते. जुन्या मराठीत दिवट्यांसाठी ‘पाजळणे’ हे क्रियापद होते, ‘प्र’ उपसर्ग व ‘ज्वल्’ धातू यांतून आलेले. आज ते ‘अक्कल पाजळणे’ या उपहासापुरते उरले आहे. त्याचाच संस्कृत अवतार ‘दीपप्रज्वलन’ मात्र प्रत्येक महाविद्यालयीन चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर आढळतो. घरी जी गोष्ट ‘दिवा लाव’ एवढ्याने होते, तिला व्यासपीठावर पाहुणे, समई व संस्कृत शब्द लागतो.

‘पेटवणे’ हे चुलीचे क्रियापद. चूल, शेकोटी, भट्टी पेटवतात. ‘चेतवणे’ त्याच्या जवळचे, पण त्यात आग आधीच आहे आणि ती मंदावली आहे, असे गृहीत असते. म्हणूनच माणसालाही चेतवता येते. ‘शिलगावणे’ विडी-चिलमीचे. चितेला ‘अग्नी देतात’. तेथे क्रियापद दानाचे आहे आणि ते वापरणारा माणूस नात्याने बांधलेला असतो.

काडेपेटी घरोघर येण्यापूर्वी अग्नी सुरू करणे हे सोपे काम नव्हते. चकमक, गारगोटी आणि कापूस यांवर ठिणगी धरावी लागे. ‘चकमक’ हा मुळात तुर्की शब्द, ठोकणे-घासणे या अर्थाच्या धातूतून आलेला. आज मराठीत तो लहान लढाईसाठी उरला. रोजच्या व्यवहारात मात्र लोक आग नव्याने सुरू करण्यापेक्षा ती टिकवत. रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा, सकाळी फुंकून फुलवायचा; विझला तर शेजारच्या घरून विस्तव आणायचा. खेड्यातील जुनी माणसे ‘इस्तू’ म्हणतात तो हाच. दोन घरांमध्ये वैर असल्यास ‘त्यांच्यात विस्तव जात नाही’ असे आजही म्हणतात. ज्या पिढीने शेजारून कधी विस्तव आणला नाही तीही हा वाक्प्रचार वापरते. अग्नीची सुरुवात ही शेजारसंबंधांवर अवलंबून असण्याचा तो एक पुरावाच आहे, आणि सामाजिक इतिहासाच्या साधनांत त्याची गणना व्हायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये घासून पेटणारी काडी निघाली, पुढे स्वीडनमध्ये सुरक्षित काडेपेटी तयार झाली, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या विमको या स्वीडिश भांडवलाच्या कंपनीचा कारखाना अंबरनाथ येथे उभा राहिला. काडेपेटीने शेजाऱ्यावरचे अवलंबन संपवले. तिने आणखीही एक गोष्ट केली : ज्याच्या खिशात काडेपेटी आहे असा कोणीही माणूस कोठेही, एकटा, क्षणात आग लावू शकू लागला.

वसमत परिसरात आगीची कामकाजी बाजू आजही ठळक आहे. हा तालुका हळदीचा. वसमतची हळदीची बाजारपेठ सर्वदूर माहीत आहे. काढणीनंतर हळदीचे कंद शिजवावे लागतात, मग ते उन्हात वाळवून घासतात. कढई चुलाणावर चढवून शिजवण्याच्या पद्धतीत ‘जाळ घालणे’ हे स्वतंत्र कौशल्य होते. जाळ कमी पडला तर कंद कच्चा राहतो, जास्त झाला तर बिघडतो. येथे ‘जाळ’ हे नाम आहे, त्यात नासधूस नाही. ‘जळण’ या शब्दातही ती नाही. मात्र त्याच धातूचे ‘जळीत’ हे नाम आले की घर गेलेले असते. आणि याच तालुक्यात पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी साखर कारखान्यांत गळीत हंगामापूर्वी जो विधी होतो त्याला ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ असे नाव आहे. इंग्रजीत यासाठी साधे ‘लायटिंग’ चालते. पत्रिका छापणाऱ्यांना ‘बॉयलर पेटवणे’ असे लिहिता आले असते, परंतु ते कोणी लिहीत नाही. लोखंडी यंत्र, संस्कृत समास, पूजा आणि संचालक मंडळ यांची ही जुळणी सहकाराच्या सांस्कृतिक इतिहासात स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. येथे तिचा उल्लेख पुरे.

प्रयोजक रूप आणि कर्ता

आता मूळ प्रश्नाकडे. मराठीत आगीची क्रियापदे जोडीने येतात : जळणे–जाळणे, पेटणे–पेटवणे, लागणे–लावणे. पहिल्या रूपात आग आपोआप होते, दुसऱ्यात ती कोणीतरी करतो. इंग्रजी ‘बर्न’मध्ये, आणि बऱ्याच अंशी ‘किंडल’मध्येही, हा भेद रूपात दिसत नाही. लाकूड ‘किंडल’ होते आणि माणूस लाकूड ‘किंडल’ करतो. घर ‘बर्न’ झाले आणि जमावाने घर ‘बर्न’ केले, या दोन्ही ठिकाणी भूतकाळी रूप एकच. इंग्रजी अहवालातील एखाद्या वाक्यात खेड्यातील घरे ‘बर्न्ड’ असे असेल तर मराठी लेखकाला तेथे थांबून ठरवावेच लागते : घरे जळाली की घरे जाळली? त्याच्या भाषेत तिसरी, तटस्थ जागा नाही.

नसलेली ती जागा कार्यालयीन मराठीने निर्माण करण्याचा प्रयत्न केला. ‘घरे जाळण्यात आली’, ‘घरे जाळली गेली’ ही रूपे इंग्रजी कर्मणी रचनेच्या धर्तीवर शासकीय पत्रव्यवहारात व वृत्तपत्रांत रूढ झाली. त्यांत कृती मान्य केलेली असते. कर्त्यासाठी जागा ठेवलेली असते, पण ती रिकामी असते. मराठीच्या स्वाभाविक रचनेत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय लागतो. ‘जमावाने घरे जाळली’ या वाक्यातील ‘ने’ हा व्याकरणातला साक्षीदार आहे. ‘जाळण्यात आली’ म्हटले की त्याला बाहेर बसवता येते; ‘जळाली’ म्हटले की त्याला बोलावण्याचीही गरज उरत नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ साली पूर्णत्वास नेला. या कोशकारांनी व त्यांच्यासोबत काम करणाऱ्या शास्त्रीमंडळाने अर्थच्छटांची जी बारकाईने नोंद केली तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने त्यात मोठी भर घातली. तथापि कोशाचे काम शब्दाला शब्द देण्याचे. वाक्यात कर्ता कोठे गेला हे कोश सांगत नाही. ते काम इतिहासकाराचे आहे.

काही आगींच्या बाबतीत कर्ता कधीच झाकला गेला नाही, कारण करणाऱ्यांना तो झाकायचा नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची ‘होळी’ झाली. तेथे सणाचे नाव घेऊन कृतीला सामूहिक मान्यता दिली गेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे ‘दहन’ झाले, तत्संबंधीचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ‘दहन’ हा शब्द अंत्यसंस्काराचा आहे आणि तो विचारपूर्वक वापरला गेला असे मानण्यास जागा आहे. इंग्रजीत या तिन्ही घटनांना ‘बर्निंग’ एवढे एकच नाव मिळते.

वसमत परिसर : तीन भाषा, अनेक आगी

वसमत हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात परभणी जिल्ह्याच्या तालुक्याचे गाव होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण झाल्यावर ते त्यात आले. संस्थानाचा राज्यकारभार १८८४ नंतर फारसीऐवजी उर्दूत चालू लागला. त्यामुळे वसमतच्या शेतकऱ्याची गंजी पेटली तर ती घरी मराठीत पेटत असे आणि कचेरीत उर्दूत. फिर्यादीत ‘आतिशजनी’ हा फारसी वळणाचा शब्द येणार, म्हणजे आग लावणे, थेट इंग्रजी ‘आर्सन’चा समानार्थी. त्याच ‘आतिश’पासून झालेली ‘आतषबाजी’ मराठीत दिवाळीची झाली. उर्दूतही जलना–जलाना असा भेद मराठीप्रमाणेच आहे. या कारणाने, एकाच घटनेची इंग्रजी व उर्दू अशी दोन्ही साधने उपलब्ध असतील तेथे कर्त्याच्या प्रश्नावर उर्दू साधन अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे. उर्दू वाचू शकणाऱ्या तरुण अभ्यासकांची मराठवाड्यातील वानवा पाहता ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे.

१९४७ च्या ऑगस्टपासून स्टेट काँग्रेसचा लढा निर्णायक टप्प्यावर आला. ७ ऑगस्ट रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळण्यात आला आणि १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. त्यानंतर सरहद्दीवरील शिबिरांतून जो सशस्त्र लढा चालला त्याच्या कार्यक्रमात शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीची नाकी जाळणे, गावचे दप्तर जाळणे यांचा समावेश होता. करोडगिरी म्हणजे संस्थानच्या सीमेवरील जकात. तिचे नाके ही निजामी सत्तेची खेड्यापर्यंत पोहोचलेली खूण होती. वसमतमधील बहिर्जी स्मारक महाविद्यालयाच्या नावातच या लढ्यातील एका हुतात्म्याची स्मृती आहे. या आगींविषयी मराठी लेखन निःसंकोच सकर्मक आहे : अमक्यांनी नाका जाळला, तमक्यांनी दप्तर पेटवले. सत्याग्रहींच्या आठवणींतही कर्ता अभिमानाने पुढे येतो. दुसऱ्या बाजूला रझाकारांनी गावे जाळली, हेही मराठीत त्याच सरळ रचनेत लिहिले गेले. अनंत भालेराव यांच्या हैदराबाद स्वातंत्र्यसंग्रामावरील ग्रंथासारख्या लेखनाने हा इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न उभा राहतो तो १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील लष्करी कारवाईच्या नंतरच्या आठवड्यांचा. या काळात संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्यासह एक सदिच्छा मंडळ पाठवले. १९४८ च्या अखेरीस दौरा करून त्याने दिलेल्या इंग्रजी अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा नोंदवला गेला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे ठरवले गेले. यांपैकी नांदेड वसमतला लागूनच आहे. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. त्यात हत्या व लूट यांच्या सोबत ‘आर्सन’ हा शब्द येतो. मराठीत या काळाचा उल्लेख करताना मात्र बहुधा ‘गावोगाव वणवा पेटला’, ‘सूडाची आग भडकली’, ‘घरे जळाली’ अशी अकर्मक वाक्ये लेखणीतून उतरतात. आदल्या प्रकरणात ज्या लेखकाला ‘नी’ प्रत्यय सहज सुचत होता, त्यालाच पुढच्या प्रकरणात तो सुचत नाही. येथे लेखकाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या बाजूच्या माणसांनी लावलेली आग आपोआप लागते, ही सवय एकट्या मराठीची नाही. परंतु ‘आर्सन’ या कर्ता गृहीत धरणाऱ्या शब्दाचे ‘आग भडकली’ असे भाषांतर झाले, तर ते भाषांतर चुकीचे आहे एवढे तरी म्हटले पाहिजे.

याच वर्षी, गांधीहत्येनंतर, पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. तेथे ‘जळीत’ हे नाम रूढ झाले. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच अनुभवावर आहे. शीर्षकात आगीऐवजी वारा आहे, हेही पाहण्यासारखे. ‘जळीत’ हे नाम ‘जळणे’वरून आले आहे, ‘जाळणे’वरून नाही. घर गमावलेल्यांनीच तो शब्द वापरला. शेजाऱ्याचे नाव न घेता त्याच गावात पुन्हा राहायचे असेल तर असा शब्द सोयीचा ठरतो. म्हणजे अकर्मक क्रियापद केवळ अपराध्याला वाचवत नाही. कधी ते पीडितालाही जगू देते. इतिहासकाराने हे दोन्ही उपयोग वेगवेगळे ओळखले पाहिजेत, आणि ते वाक्य मुळात कोणी उच्चारले यावरून ते ओळखता येतात.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि विभागात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड व परभणी या जिल्ह्यांत त्यांची तीव्रता मोठी होती. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. ‘मराठवाडा पेटला’ हे त्या दिवसांचे सर्वपरिचित वाक्य. एक संपूर्ण विभाग कर्ता झाला आणि क्रियापद अकर्मक. मग घर कोणाचे आणि काडी कोणाची, हा प्रश्न वाक्यातच मावत नाही. दंगलीत लागू होणारी संचारबंदी लोक ‘कर्फ्यू’ म्हणून ओळखतात. तो शब्द फ्रेंचमधील ‘आग झाका’ या रात्रीच्या हुकमातून आला आहे. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘आत्मदहन’ या शब्दात महाडच्या ‘दहना’चा प्रतिध्वनी आहे. तेथे कर्ता शोधावा लागत नाही, हे खरे. पण ती परिस्थिती कोणी निर्माण केली, हा प्रश्न त्या शब्दाआड जातो.

कायद्याने या प्रश्नाचा विचार वेगळ्या पद्धतीने केला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘आर्सन’ हा इंग्लंडमधील शब्द घेतलाच नाही; ४३५ व ४३६ या कलमांत ‘आगीच्या द्वारे आगळीक’ असा गुन्हा सांगितला. ‘आगळीक’ या मराठी पर्यायाचा ‘आग’शी केवळ ध्वनीपुरता संबंध आहे, व्युत्पत्तीने नाही, तरी मराठी वाचकाला तो योगायोग अर्थपूर्ण वाटावा असाच आहे. ४३५ व्या कलमात सर्वसाधारण मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा शंभर रुपये होती, शेतमालाच्या बाबतीत मात्र दहा रुपयेच. गंजीला लावलेली आग शेतकऱ्याचे वर्ष नेते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. घर नष्ट करण्याच्या उद्देशाने आग लावल्यास ४३६ व्या कलमान्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ही संहिता वसमतमध्ये १९५१ साली, पूर्वीच्या संस्थानी राज्यांना केंद्रीय कायदे लागू झाल्यावर आली. म्हणजे १९४८ च्या आगी एका कायद्याच्या काळात लागल्या आणि १९७८ च्या दुसऱ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३२६ व्या कलमात हे दोन्ही गुन्हे एकत्र आले आहेत. या सर्व मजकुरात क्रियापद कोणतेही असो, वाक्याची सुरुवात ‘जो कोणी’ या शब्दांनी होते. कर्ता अज्ञात असला तरी त्याची जागा आधी मांडली जाते आणि मग त्याने काय केले ते सांगितले जाते.

वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील १९४८ व १९७८ च्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. १९४८ चे साक्षीदार नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखती घेताना ध्वनिमुद्रण जसेच्या तसे उतरवून ठेवण्याची, बोलीतील ‘जळलं’ला प्रमाण मराठीत ‘जाळले’ न करण्याची आणि ‘जाळलं’ला ‘जाळण्यात आले’ न करण्याची काळजी घ्यावी लागेल. सांगणारा ‘घर जळलं’ म्हणून थांबला, तर ‘कोणी?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा की नाही, हे त्या माणसाकडे आणि त्याच्या दारासमोर बसलेल्या शेजाऱ्याकडे पाहून ठरवावे लागेल. न विचारल्यास तसे टिपणात नोंदवून ठेवावे.